पिढ्यांच्या पाट्या

गेल्या चतुर्थीला पेडणे महालातील एका स्नेह्यांच्या घरी दोन-तीन दिवस राहण्याचा योग आला. घर मूळचे मातीचे, तीन खणांचे. आता त्याला मागे-पुढे सिमेंटच्या खोल्या जोडलेल्या आहेत. परंतु गणपती अजून त्या मूळच्या खोलीतच बसतो आणि माटोळीही तेथेच बांधली जाते. वर्षभर पणजी, पुणे, बंगळूर अशा ठिकाणी विखुरलेले कुटुंब त्या दिवसांत एका छपराखाली येते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे आटोपून मंडळी ओसरीवर लवंडली असता, बंगळूरला नोकरी करणाऱ्या धाकट्या नातीने सर्वांना पाट्या वाटून देण्यास प्रारंभ केला. आजोबा 'बूमर', वडील 'जनरेशन एक्स', थोरली चुलतबहीण 'मिलेनियल', ती स्वतः 'जेन झी', आणि मांडीवर झोपलेले तान्हे 'अल्फा'.

आजोबांनी विडा गालात सरकवला आणि विचारले, "बूमर म्हणजे काय गो?"

"महायुद्ध संपल्यावर जन्मलेले, आजोबा. १९४६ ते १९६४. त्या वर्षांत खूप मुले जन्मली म्हणून."

आजोबांनी बोटे मोजली. "आमच्या वाड्यावर त्या साली तिघे जन्मलो. एक त्याच पावसाळ्यात गेला. दुसरा मुंबईस गेला तो परतला नाही. उरलो मी. एवढ्यात खूप कसे झाले?"

सगळे हसले, नातही हसली, आणि विषय नेवऱ्यांकडे वळला. हे संभाषण अर्थातच कोकणीत झाले. आम्ही ते मराठीत मांडीत आहोत. या घरात बोलायचे एका भाषेत आणि लिहायचे दुसरीत ही रीत तीन पिढ्यांची आहे, त्याविषयी पुढे येईलच. परंतु आजोबांच्या त्या प्रश्नाने आमची दुपारची झोप उडाली, हे मात्र खरे.

या पाट्यांचे मूळ अमेरिकेत आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी संसार थाटले, घरे बांधली, कारखाने भरभराटीस आले आणि पाळणे हलू लागले. त्या संततीस तेथे हे नाव पडले. पुढे १९६५ ते १९८०, १९८१ ते १९९६, १९९७ ते २०१२ असे कप्पे पाडण्यात आले. आता त्याच काळातला आपला गोवा पाहा. शिरगणतीप्रमाणे १९५० साली गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ४७ हजार होती. १९६० साली ती सुमारे ५ लाख ९० हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत अवघे ४३ हजार माणूस वाढले. पाळणे येथेही हलत होते, पण हाताशी आलेला मुलगा मुंबईस, कराचीस वा आफ्रिकेच्या बोटीवर जाई. खरी वाढ झाली ती मुक्तीनंतर. १९७१ साली हा आकडा सुमारे ७ लाख ९५ हजारांवर गेला, आणि त्यातही बाहेरून पोटासाठी आलेल्यांचा वाटा मोठा होता. तेव्हा ज्या भरभराटीचे नाव आजोबांना मिळाले, तिच्याशी त्यांचा संबंध काय?

ही तक्रार आमची एकट्याची नाही. अमेरिकेतील प्यू या प्रख्यात संशोधन संस्थेने हे कप्पे लोकप्रिय करण्यात मोठा हातभार लावला होता. तिनेच २०२३ साली, यापुढे अशी नावे फार जपून वापरू, असे जाहीर केले. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, कार्ल मानहाईम नावाच्या समाजशास्त्रज्ञाने पिढी या विषयावर एक निबंध लिहून ठेवला आहे. एकाच साली जन्मल्याने माणसे एका पिढीची होत नाहीत, असे त्याचे म्हणणे. शहरातील तरुणांना ज्या उलथापालथीने हलवून सोडले, तिचा वाराही ज्यांना लागला नाही अशी दूरच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले त्यांच्याच वयाची असली, तरी खऱ्या अर्थाने त्यांच्या पिढीची नव्हेत. मानहाईमच्या डोळ्यांसमोर जर्मनी होता. आम्हांला मात्र हे वाचताना तोरसे, कोरगाव, पिळगाव, मये हीच गावे दिसत राहिली.

अमेरिकेचे राहो, आपल्या देशातील पाटी तरी आजोबांना बसते काय? 'स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली पिढी' असा शब्दप्रयोग भारतात सर्वत्र रूढ आहे. आजोबांचा जन्म १९४८ चा. पत्रादेवीच्या पलीकडे बांद्याला त्याच दिवशी जन्मलेले मूल स्वतंत्र भारताचे नागरिक होते; अलीकडे जन्मलेले हे मूल पोर्तुगालचे प्रजाजन. दोन्ही घरांत एकच देवक, एकच सोयरीक, मधे केवळ एक नाका. आजोबांच्या आईचे माहेर बांद्याच्या बाजूचे. १९५५ च्या १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी रेल्वे थांबली, सरहद्द बंद झाली, आर्थिक नाकेबंदी कडक झाली. त्या माउलीला पुढली काही वर्षे माहेरचे तोंड दिसले नाही. वडील वारल्याची वार्ता तिला पंधरा दिवसांनी कळली, आणि बांदा तर चालत जाण्याच्या अंतरावर! त्या दिवसांत गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा येत असे. आजोबांना त्या बटाट्यांची चव आठवते. सातासमुद्रांपलीकडचा बटाटा घरात आणि नदीपलीकडचा आजोळचा मामा परदेशी, असे ज्याचे बालपण गेले, त्याला 'स्वातंत्र्याबरोबर जन्मलेला' कसे म्हणावे?

येथे कोणी म्हणेल, मग त्यांना 'पाखल्यांच्या वेळचे' म्हणा. गोव्यात हीच पाटी सर्रास चालते. "तो पाखल्यांच्या वेळचा माणूस" असे म्हटले की शिस्त, टापटीप, वेळच्या वेळी जेवण आणि बोलण्यात दोन-चार पोर्तुगीज शब्द असा एक पुतळा डोळ्यांपुढे उभा राहतो. हा पुतळा कोठे घडला याचा विचार करावा. गोव्यावर पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षे राज्य केले हे वाक्य आपण शाळेपासून म्हणत आलो आहोत. पण ते तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादींपुरतेच खरे. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल त्यांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. म्हणजे पेडण्याच्या वाट्याला आलेले फिरंगी राज्य पावणेदोनशे वर्षांचे. देवळे राहिली, दसरा राहिला, दशावतार राहिला, सावंतवाडीशी सोयरिकी राहिल्या. आणि गंमत अशी की या महालांना 'नव्या काबिजादी' हे जे नाव पडले ते आजतागायत सुटलेले नाही. सव्वादोनशे वर्षे उलटली तरी आम्ही नवेच! ज्या मुलाचा पणजोबाही येथेच जन्मला तो नव्या काबिजादीचा. पाटी एकदा चिकटली की तारखेला कोण विचारतो?

शिवाय 'पाखल्यांच्या वेळचे' या एका शब्दात कोणाकोणाला कोंबायचे? डिचोलीत एकाच साली जन्मलेले दोघेजण घ्या. एक भाटकाराच्या घरचा: तो पणजीच्या लिसेवमध्ये शिकला, सरकारी कचेरीत चिकटला, त्याला पोर्तुगीजमधून अर्ज लिहिता येत असे. दुसरा त्याच भाटातल्या मुंडकाराचा: त्याच्या झोपडीवरचा गवताचा साज बदलायचा तरी भाटकाराची परवानगी हवी, त्याने गुरे राखली, आणि पोर्तुगीज भाषेतील एकच शब्द त्याला पुरता ठाऊक होता तो म्हणजे रेजिदोर, कारण तो दारात आला की काही ना काही दंड ठरलेला. या दोघांचा काळ एक, गाव एक, विहीरदेखील एक. आज दोघांचीही नातवंडे सांगतात की आमचे आजोबा पाखल्यांच्या वेळचे. पहिल्याचा नातू ते अभिमानाने सांगतो. दुसऱ्याचा नातूही अलीकडे अभिमानानेच सांगू लागला आहे, याचे आम्हांला थोडे आश्चर्य वाटते.

खरी गंमत, किंवा खरा मान म्हणा, पुढच्या पाटीला आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात पहिल्या निवडणुका झाल्या आणि पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पुढील काही वर्षांत खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. कोठे देवळाच्या अग्रशाळेत, कोठे कोणाच्या ओसरीवर, कोठे गोठा सारवून. शिक्षक कमी पडले तेव्हा सरहद्दीपलीकडून आणले. आजही पेडणे-डिचोलीत साठी-सत्तरीतल्या माणसाला त्याची पिढी विचारली, तर तो साल सांगत नाही. "आम्ही भाऊसाहेबांच्या शाळेतले" असे सांगतो.

या शाळेच्या पहिल्या वर्षीचा वर्ग कसा असेल ते आजोबांच्या तोंडून ऐकण्यासारखे आहे. त्यांना अक्षरओळख गावच्या पंतोजींनी करून दिली होती, तीही दोन पावसाळ्यांपुरती. सरकारी शाळा निघाली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते, मिसरूड फुटले होते. मास्तरांनी परीक्षा घेऊन तिसरीत बसवले. शेजारी नऊ वर्षांची पोरे. त्यांचा धाकटा भाऊ, १९५७ चा, तो पहिलीत. एका बाकावर नव्हे, एका गोणपाटावर, नऊ-दहा वर्षांच्या अंतराची माणसे एकच पाढा म्हणत होती. "मला लाज वाटे," आजोबा म्हणाले, "पण मास्तर म्हणाले, तू पोरांना पाढे घे. मग लाज गेली." वयाने ते धाकट्या भावाचे वडीलधारे, इयत्तेने जवळजवळ सोबती. पिढी जर एकत्र घडलेल्या माणसांची असेल, तर ती त्या गोणपाटावर घडली, जन्मसालात नव्हे.

जन्मसालाचेही एक नवलच. मास्तरांनी दाखल करून घेताना वय विचारले, वडिलांनी 'मोठ्या पुराच्या आदल्या वर्षीचा' असे काहीसे सांगितले, आणि मास्तरांनी हिशेब करून १ जून १९५० अशी तारीख घातली. जूनची पहिली तारीख ही जुन्या शाळामास्तरांची आवडती. महाराष्ट्रातही हजारोंचे वाढदिवस त्याच दिवशी येतात. दप्तरी ते १९५० चे, फिरंग्यांच्या नोंदवहीत १९४८ चे. आडनावाचीही तीच गत. जुन्या नोंदवहीत 'नाईक' लिहायचे तर शेवटी क्यू, यू, ई अशी तीन अक्षरे लागत. शाळेच्या दाखल्यावरून पुढे इंग्रजीत नेले तेव्हा तेथे एक 'के' पुरला. एका आईच्या पोटचे भाऊ कागदोपत्री दोन घराण्यांचे झाले. अशी प्रकरणे इतकी झाली की १९९० साली नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्याला स्वतंत्र कायदाच करावा लागला. जन्मसालावरून माणसाची पिढी ठरवायची, तर आधी ते साल तरी एक असावे!

'भाऊसाहेबांच्या शाळेतले' ही पाटी आम्हांला इतर सर्वांहून बरी वाटते, कारण ती माणसांनी स्वतःच गळ्यात घातली. पण तीही सर्वांना पुरत नाही. आजोबांची एक बहीण आहे, त्यांच्याहून तीन वर्षांनी धाकटी. विधवा होऊन माहेरी परतली ती येथेच राहिली. शाळा निघाली तेव्हा ती बारा वर्षांची होती. आम्ही विचारले, "आत्या, तुम्ही कोणत्या इयत्तेपर्यंत?" ती म्हणाली, "मी पाणी भरत होते." शाळा आणि विहीर एकाच पाणंदीवर होती. तिने दोन वर्षे डोक्यावर घागर घेऊन ते पाढे बाहेरून ऐकले. अकरापर्यंतचे तिला अजून येतात.

आता ज्या पाटीविषयी या घरात मोठ्याने बोलत नाहीत, तिच्याकडे वळावे लागेल. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे असे ज्यांना वाटे त्यांच्यासाठी फूल, आणि केंद्रशासित म्हणून वेगळे राहावे असे वाटणाऱ्यांसाठी दोन पाने. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. गोवा वेगळा राहिला, पुढे ३० मे १९८७ ला घटक राज्य झाला, आणि आज १६ जानेवारी हा अस्मिता दिन म्हणून साजरा होतो. परंतु पेडणे, डिचोली, सत्तरी या महालांत त्या दिवशी बहुमत फुलाचे होते. शाळेत अस्मिता दिनाचे भाषण पाठ करून आलेल्या नातवाने, "आजोबा, तुम्ही कोणत्या बाजूला होता?" असे विचारले की अनेक घरांत अजून खोकला येतो. पेडण्याचा म्हटला की विलीनीकरणवाला, ही पाटी पणजी-मडगावात आजही सहज लावली जाते. कधी थट्टेने, कधी तशी नव्हे.

आम्ही आजोबांना सरळ विचारले. ते म्हणाले, "मी मतच दिले नाही. माझे वय तेव्हा अठरा-एकोणीस." आणि खरेच की. मतदानाचे वय त्या काळी २१ होते; अठराचे झाले ते १९८९ साली. म्हणजे जनमत कौलात ज्यांनी मत दिले, ते आज ऐंशीच्या घरात वा त्यापुढचे. त्याखालच्या कोणीही ना फूल उचलले ना पाने. तरी साठीतल्या, पन्नाशीतल्या, तिशीतल्यादेखील पेडणेकरांना त्या फुलाचा जाब विचारला जातो. आणि ज्यांनी खरोखर मत दिले त्यांची कारणे तरी एकच होती काय? आजोबांच्या आईने फुलाला मत दिले. का, तर सरहद्द पुन्हा कधी बंद होऊ नये म्हणून. ज्या घरात भाटकाराने धाक घातला होता तेथे कुळाने उलट मत दिले ते जमिनीसाठी; १९६४ चा कुळकायदा नुकता झाला होता आणि महाराष्ट्रात गेलो तर कसेल त्याची जमीन होईल अशी आशा होती. (ती गोव्यात राहूनच १९७६ साली झाली.) कोणी मराठीसाठी, कोणी मगो पक्षाच्या सिंहासाठी, कोणी नवऱ्याने सांगितले म्हणून. पानांना मत देणाऱ्यांचीही कारणे अशीच नाना होती: आपली भाषा, आपली मासळी, परक्या साहेबाची भीती. मुंबईहून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांनी ज्यांना कचेरीत ताटकळत ठेवले, अशा कित्येक हिंदूंनी पाने निवडली. फूल आणि पाने ही मतपत्रिकेची सोय होती. तिच्यावरून दोन जाती पाडाव्यात, आणि त्या नातवंडांपर्यंत चालवाव्यात, हे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भाषेच्या पाट्याही अशाच. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराला मुभा. त्यानंतर वाढलेल्या मुलांना 'कोकणीची पिढी' म्हणावे आणि त्यांच्या आईबापांना 'मराठीची', अशी वाटणी काही विद्वान करतात. या ओसरीवर ती टिकत नाही. आजोबा कोकणीत भांडतात, मराठी वर्तमानपत्र अग्रलेखासह वाचतात आणि आरती मराठीत म्हणतात. त्यांचा मुलगा मराठी शाळेत शिकला आणि कोकणी नाटकांत कामे करतो. १९९० नंतर सरकारी अनुदान फक्त देशी भाषांच्या प्राथमिक शाळांना मिळे. २०११ साली ते इंग्रजीलाही मिळू लागले. परंतु या घरातील नात त्याच्या कितीतरी आधी, पदरचे पैसे मोडून, इंग्रजी शाळेत घातली गेली होती. घालणारा कोण? भाऊसाहेबांच्या शाळेत घडलेल्या बापाचा मुलगा. आणि ज्या शाळेत आजोबांनी पोरांना पाढे घेतले, ती पटसंख्येअभावी बंद पडली आहे. याचा दोष कोणत्या पिढीच्या नावे मांडायचा, हे आम्हांला ठरवता आले नाही.

'मिलेनियल' नावाच्या कप्प्यात तर आम्हांला एकही मिलेनियल गवसला नाही. १९९० च्या आसपास जन्मलेला शिरगावचा मुलगा घ्या. घराभोवती खाणी, विहिरींचे पाणी आटलेले, शेतात गाळ. शेती गेली म्हणून त्याने कर्ज काढून टिपर घेतला. खनिज वाहिले, दोन पैसे मिळवले. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि टिपर दारात उभा राहिला. पुढे थोड्याफार चालल्या, तोच २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा खनिज निघू लागले तेव्हा त्याचा टिपर भंगारात गेलेला होता. त्याच वयाचा मोरजी वा हरमलचा मुलगा समुद्रावरच्या खोल्या भाड्याने देत, रशियन भाषेत भाव सांगत मोठा झाला. आणि मोपाच्या पठारावरचा तिसरा आपल्या बापाच्या काजूच्या जागेवरून विमाने चढताना पाहतो; तो विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला. या तिघांत साम्य एवढेच की तिघांकडे मोबाईल आहे. पण तो आत्याकडेही आहे.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या सकाळी नात आजोबांपाशी येऊन बसली. बोलण्यात जरा आडपडदा होता. शेवटी विषय निघाला तो 'नासिमेंता'चा, म्हणजे आजोबांच्या पोर्तुगीज जन्मनोंदीचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, हे आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. पूर्वी ही वाट बारदेश-साष्टीतून जाई. आता पेडणे-डिचोलीतील तरुणही तिच्यावर आहेत. नातीच्या कचेरीतील एक जण त्या वाटेने लिस्बनला पोचला होता. आजोबांची नोंद लिस्बनला करायची, मग वडिलांची, मग तिची. १९६२ च्या हुकुमाने आजोबा भारताचे नागरिक झाले. आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्या कागदावर सही केल्यास आपण कोण ठरू, असे त्यांनी विचारले. तिने वकिलाकडून जे ऐकले होते ते सांगितले. त्यात 'बहुधा' हा शब्द फार वेळा आला.

आम्ही गप्प राहिलो. परवा ज्याला बूमर म्हणून बाजूस सारले, त्याच्या जन्मसालालाच आज भाव आला होता. आणि मुलीची निकडही खोटी नव्हती. बंगळूरची नोकरी वर्षाच्या कराराची, भाडे अर्धा पगार खाणारे, पेडण्यात परतावे तर जमिनीचे भाव दिल्लीकरांनी ठरवलेले. तिच्या वयाला आजोबांचा मित्र मुंबईस गेला होता, तसेच तिला जायचे होते, एवढेच.

आजोबांनी कपाट उघडून प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळी नक्कल काढली. वळणदार हस्ताक्षर, जांभळा शिक्का. त्यांना पोर्तुगीज येत नाही, रोमी अक्षरे जेमतेम. नातीला अक्षरे येतात, अर्थ येत नाही. मोबाईलने त्या हस्ताक्षरापुढे हात टेकले. वाड्यावर पोर्तुगीज जाणणारे एकच गृहस्थ होते, भाटकारांकडले. ते तीन वर्षांपूर्वी वारले. मग ती अक्षरे जुळवून मोठ्याने वाचू लागली. पणजोबांचे नाव 'श'ने सुरू होणारे. कागदावर ते 'एक्स'ने सुरू होत होते. तिने दोनदा वाचले तरी कोणाला उमगेना. तिसऱ्यांदा वाचले तेव्हा आजोबा म्हणाले, "थांब. तो माझा बाप," आणि कागदावर बोट ठेवून बसून राहिले.

आत विसर्जनाची तयारी चालली होती. आत्या तांदूळ-खोबऱ्याचे तबक घेऊन उंबऱ्याशी आली, क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "माझा कागद कोठे आहे रे?"

आजोबांनी पिशवी उलटी करून पाहिली. तिचा जन्म कोणी नोंदवलाच नव्हता.